लॅक्रॉसच्या स्टिकची जाळी बांधताना अडलोय, मदत हवी आहे

मंडळी, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) आहे म्हटल्यावर पुतण्याने स्टिक मागवली. मेश, म्हणजे काठीच्या टोकाच्या चौकटीत बांधायची जाळी, सुटी आली. मालवणात जाळं विणणाऱ्यांना काय तोटा! शेजारच्या काकांनी टॉप स्ट्रिंग (वरची दोरी) आणि दोन्ही साइडवॉल स्ट्रिंग (चौकटीच्या बाजूंना, म्हणजे साइडवॉलला, जाळी बांधणाऱ्या दोऱ्या) बघता बघता आवळून दिल्या. घोडं अडलंय शूटिंग स्ट्रिंगवर, म्हणजे जाळीच्या वरच्या भागात आडव्या ओवायच्या दोऱ्यांवर. घट्ट ओढल्या की चेंडू पायाशी आपटतो, सैल सोडल्या की माडावर. पॉकेटचा (चेंडू बसतो त्या झोळीचा) खोलगा मधोमध आणायचा तर साइडवॉलच्या गाठी बदलायच्या की खालची बॉटम स्ट्रिंग ओढायची? चेंडूचा माथा साइडवॉलच्या खालच्या कडेखाली गेला तर पुरुषांच्या खेळात स्टिक बाद, एवढं पक्कं ठाऊक आहे. आणि आपल्या पावसात मऊ मेश भिजून लोंबते. मेण लावलेली टिकेल का?