बायकांचीच पात्रं असलेलं नाटक: मिशेल ट्रॉम्ब्ले कुणी वाचलाय का?

पूर्वभागातला: राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता हुडकतोय. ग्रुपात बायाच जास्त. बाप्ये दोन, तेबी तालमीला दांडी मारणारे. कुणीतर कॅनडाच्या मिशेल ट्रॉम्ब्लेचं नाव सुचवलंय. सुरुवात कुठनं करू?

विंगेतली: 'ले बेल-सर' वाचा. पंधरा बायका, पुरुष एकही नाही. जर्मेन लोझोंला बक्षिसात दहा लाख कूपनं मिळतात, वह्या भरून दिल्या की वस्तू मिळायच्या तसली. ती वह्यांत चिकटवायला बहिणी-शेजारणी तिच्या स्वयंपाकघरात जमतात आणि गप्पा हाणता हाणता भरलेल्या वह्या गुपचूप ढापतात! लिहिलं १९६५ मध्ये, प्रयोग लागायला १९६८ उजाडलं. माँट्रियलच्या कामगार वस्तीची बोली जशीच्या तशी स्टेजवर आली म्हणून केवढा गदारोळ. ट्रॉम्ब्ले स्वतः तिथलाच, जन्म १९४२. आधी लिनोटाइप मशीनवर कामाला होता.

पूर्वभागातला: आमच्याकडं सोलापुरात विड्या वळायला बसलेल्या बायांचं असंच चालतंय की, अर्धं तेलुगू अर्धं मराठी. हात थांबत न्हाई, तोंडबी न्हाई. पण पंधरा जणी? हुतात्मा मंदिरच्या मेकअप रूममध्ये मावायच्या न्हाईत.

जुना प्रेक्षक: मग त्याचंच १९८४ चं 'आल्बेर्टीन' घ्या. एकच बाई तिशीपासून सत्तरीपर्यंत पाच नट्या करतात, सहावी तिची बहीण. पाचही जणी एकमेकींशी बोलतात, भांडतात. माझ्या मते हेच सरस. मात्र लेखकाच्या परवानगीचं आधी बघा.

पूर्वभागातला: सहा जमतंय. सत्तरीवालीला आमची आत्या हाय, पाठांतर माझ्यापेक्षा भारी.