उड्डाणाचे 240 तास झालेत, वणव्यावरच्या बर्डडॉग विमानाची सीट कशी मिळवायची?

सांगलीकर_एडमंटन
नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सध्या कॅनडात एडमंटनला, पीआर म्हणजे कायमचा रहिवासी आहे. गेल्या महिन्यात मल्टी आयएफआरची राईड (दोन इंजिनांचं विमान नुसत्या उपकरणांवर उडवायची परीक्षा) पास झालो, कमर्शियल लायसन्स आधीच झालं होतं, लॉगबुकात 240 तास. घरचे म्हणतायत की भारतात ये, डीजीसीएचं लायसन्स करून घे आणि गपचूप एअरबस उडव. पण 2023 च्या उन्हाळ्यात यलोनाइफ अख्खं रिकामं केलं, लोक गाड्या भरभरून अल्बर्टात येत होते, त्याच सुमारास मी मित्राबरोबर स्लेव्ह लेकला गेलेलो आणि तिथे कुंपणापाशी उभं राहून आगीवर टाकायच्या लाल रसायनाचे पोटाला डाग पडलेली टँकर विमानं बघितली. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. टँकर लगेच कोण देणार नाही हे कळतं, पण त्यांच्या पुढे जे छोटं बर्डडॉग विमान जातं त्याचं काय? इन्स्ट्रक्टर होऊ की नॉर्थच्या छोट्या कंपनीत रॅम्पवर, म्हणजे विमानात सामान चढवायच्या कामावर, जाऊ? आणि हिवाळ्यात खायचं काय?

घार_690
सहा सीझन झाले बर्डडॉगवर, टर्बो कमांडर 690. आधी एक गैरसमज काढतो, तू तिथे काही विझवणार नाहीस. तू विमान चालवणार, शेजारी उजव्या सीटवर एअर अटॅक ऑफिसर बसतो, तो प्रांत सरकारच्या वणवा खात्याचा माणूस, आणि वरून सगळा कारभार तो हाकतो. आपण आगीवर पहिले पोचायचं, विजेच्या तारा कुठे, टॉवर कुठे, वारा कुठून, खाली माणसं कुठे आहेत, टाकी रिकामी केल्यावर टँकर कुठल्या दरीतून बाहेर पडणार, हे सगळं बघायचं, मग टँकरला रन, म्हणजे टाकायला कुठून कसं यायचं ते, दाखवायचा. टाकायच्या आधी आम्ही सायरन वाजवत खालून जातो म्हणजे खालचे लोक बाजूला होतात. बाकीचा वेळ घिरट्या, बहुतेक उजव्याच, कारण आग ऑफिसरला दिसायला हवी. दोन-अडीच तास त्याच धुरात गोल गोल, कानात तीन-चार रेडिओ एकदम, एकावर हेलिकॉप्टरवाले, एकावर टँकर, एकावर खालची क्रू. पहिल्या सीझनला मी घरी येऊन बायकोशी दोन तास बोलायचो नाही, डोकंच बधिर व्हायचं.

आता तास. 240 वर कोणी हात लावणार नाही, मला ही सीट मिळाली तेव्हा माझे 1900 च्या आसपास होते. नुसता आकडा पण बघत नाहीत, एकट्याने कमांडमध्ये किती, ट्विनवर (दोन इंजिनांवर) किती, डोंगरात आणि जमिनीलगत किती उडवलंय ते विचारतात. म्हणून पाइपलाइन पेट्रोल, एरियल सर्व्हे, ऑन्टारियोत वणव्याच्या टेहळणीचं फ्लाइंग असतं ते, असलं काही मिळालं तर सोडू नकोस. इन्स्ट्रक्टर होणं वाईट नाही, पण सर्किटचेच, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांचेच, हजार तास दाखवलेस तर मुलाखतीत चेहरे पडतात.

रॅम्पचं माझं विचारशील तर, उत्तर मॅनिटोबात एका कंपनीने आठ महिन्यांत सीट देतो सांगितलं आणि चौदा महिने मी उणे 38 मध्ये कोल्ड्रिंकचे क्रेट आणि डायपरची खोकी चढवली. तरी पुढे नवाजो हे दोन इंजिनांचं छोटं विमान उडवायला मिळालं तिथूनच.

बसवाला_पुणे
मी उलटं सांगतो, राग मानू नको. एअरलाइनमध्ये सगळं सिनिऑरिटी नंबरवर चालतं, बेस, सुट्ट्या, कमांड म्हणजे कॅप्टनची सीट, सगळं. आज लागलास आणि पाच वर्षांनी लागलास यात आयुष्यभराचा फरक पडतो. कॅनडात तर फर्स्ट ऑफिसर व्हायला अमेरिकेसारखी 1500 तासांची अट पण नाही. आधी नंबर घे मग हौस कर. भारतात यायचं असेल तर डीजीसीएचे पेपर, मेडिकल आणि टाइप रेटिंगचे (ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचे) लाखो रुपये वेगळे धर, मी ते कर्ज अजून फेडतोय. आणि इथे येऊन वणव्याचं काम विचारशील तर सिव्हिलमध्ये जवळपास नाहीच, ते एअर फोर्स करतं.

माजी_एमआय17
बसवाल्यांचं बरोबर आहे. मी पायलट नव्हे, एअर फोर्सच्या एमआय-17 हेलिकॉप्टरवर मागे केबिनमध्ये असायचो. 2022 च्या मार्चमध्ये सरिस्काला आग लागली तेव्हा आमच्या लोकांनी सिलीसेढ तलावातून बांबी बकेटने, म्हणजे हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मोठ्या बादलीने, पाणी उचललं, 2024 ला नैनितालच्या वेळी भीमतालमधून. बकेट खाली दोरावर लोंबकळत असते, पायलटला ती दिसतच नाही. दारात पोटावर आडवं होऊन मागचा माणूस सांगतो, पुढे पाच, पुढे तीन, स्थिर, पाणी लागलं. त्याच्या आवाजावर हेलिकॉप्टर चालतं. आणि पाणी फार खालून टाकायचं नाही, पंख्याच्या वाऱ्याने आग उलट भडकते. सांगायचा मुद्दा, सीटवर कोण बसलंय यापेक्षा एकमेकांचं ऐकता येतं का ते बघ बाळा.

मेघदूत_नांदेड
विषय थोडा वेगळा, पण 2015 ला औरंगाबादहून कृत्रिम पावसाची विमानं उडालेली तेव्हा आम्ही पोरं रोज वर बघत बसायचो. त्यात काही चान्स असतो का? एअरलाइन सोडून पायलट काय काय करतात हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

घार_690
मेघदूत, असतो, पण तेही सीझनचंच काम. अल्बर्टात गारपीट कमी करायला ढगांत विमानं घालतात, तिथे को-पायलट म्हणून तुलनेने कमी तासांवर घेतात असं ऐकलंय. सांगलीकर, तुझ्यासाठीही बघण्यासारखं आहे.

बसवाले, सिनिऑरिटीचं म्हणणं शंभर टक्के खरं, माझ्या बॅचचे दोघे आज कॅप्टन आहेत आणि मी दर एप्रिलला नवीन मोटेलचा वायफाय पासवर्ड विचारतो. एप्रिल ते सप्टेंबर घर नाही, पोरीचा वाढदिवस जुलैत असतो, सहापैकी एकदा हजर होतो. हिवाळ्यात काही जण बेकारी भत्त्यावर काढतात, काही चार्टर उडवतात, कंपन्यांची मोठी टँकर तेव्हा ऑस्ट्रेलियात जातात तर टँकरवाल्यांना तिकडचा उन्हाळा मिळतो, बर्डडॉगवाल्यांना तेवढा नाही. आणि धोका आहे, गोड बोलून उपयोग नाही. 2020 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात सी-130 टँकर पडलं, तिघे गेले. 2023 ला ग्रीसमध्ये कॅनडेअर हे पाणी टाकणारं विमान, दोघे. घरच्यांना हे आधी सांग, नंतर बातम्यांतून कळायला नको.

सांगलीकर_एडमंटन
सगळ्यांचे आभार. घार दादा, वाढदिवसाचं वाचून जरा थांबलो खरं. तरी सर्व्हेवाल्यांना आणि नॉर्थच्या दोन-तीन कंपन्यांना रेझ्युमे ईमेल करतोय. एअरलाइनचा फॉर्म पण भरून ठेवतो, आईला सांगायला काहीतरी पाहिजे.

घार_690
ईमेल कोण वाचतंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडी काढ, थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर चेक कर, आणि स्वतः जाऊन चीफ पायलटच्या दारात उभा रहा. सीझनच्या आधी दीड-दोन महिने त्यांना माणसं लागतात आणि समोर उभा असलेला लक्षात राहतो.

सांगलीकर_एडमंटन
जातो. आईने पाठवलेलं भडंग आहे, चीफ पायलटला चालेल का?

घार_690
त्याला नको, डिस्पॅचवाल्या बाईंना दे. पोरांचं रोस्टर त्याच ठरवतात.