संथ पाण्यातली कॅडिस

कॅडिसफ्लाय (पतंगासारखी माशी, जिची अळी पाण्यात वाढते) हा खळाळत्या ओढ्यातला कीटक, तळ्यावर मासे पकडताना तिची नक्कल, म्हणजे तिच्यासारखी दिसणारी कृत्रिम माशी, गळाला लावणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं काही जण म्हणतात. मला ते पटलं नाही. जाळं विणून वाहतं अन्न पकडणाऱ्या हायड्रोसायकी या कॅडिसच्या प्रकाराला प्रवाह लागतो, हे खरं. पण लिम्नेफिलिडी, फ्रिगॅनिडी, लेप्टोसेरिडी या कुळांतल्या कितीतरी जाती तळ्यांत आणि संथ ओढ्यांत वाढतात.

त्यांच्या अळ्यांची घरं तर बघत राहावीत. तोंडाजवळून निघणाऱ्या रेशमाने पानांचे तुकडे, काड्या, वाळू, कधी इवले शंखसुद्धा चिकटवून नळी तयार होते. (एखाद्या शंखात गोगलगाय जिवंतच असते, बिचारी!) फ्रिगॅनिडी कुळातली फ्रिगॅनिया पानांचे तुकडे मापाने कापून मळसूत्रासारखे लावते. साचल्या पाण्यात श्वास घ्यायला अळी पोट हलवून नळीतून पाणी खेळवत राहते. ट्राउट मासा तिला घरासकट गिळतो.

पण गळवाल्यांसाठी खरी गंमत कोषात, म्हणजे अळी आणि प्रौढ माशी यांच्या मधल्या अवस्थेत. वाढ पूर्ण झाली की हा कोष नळीतून बाहेर पडतो आणि मधल्या पायांची वल्ही मारत वर किंवा काठाकडे निघतो. आता अंगावर घर नाही, त्यामुळे मासे तुटून पडतात. म्हणून संध्याकाळी कोषाची नक्कल तळापासून सावकाश, थांबत थांबत वर ओढावी.

मोठ्या जातींची प्रौढ माशी पाण्यावरून तुरुतुरु धावते. ती दिसली की तरंगती नकली माशी गळाला बांधायची आणि हलकेच घसटत न्यायची.