चिंतेची गोळी चालू असताना चिनी वैद्यांचा काढा घ्यावा का? (सिंगापूर) मदत हवी आहे

नमस्कार. वय ४३, सिंगापुरात राहते. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही काही सुचवता येणार नाही.

गेलं दीड वर्ष पहाटे तीनच्या सुमाराला छातीत धडधडून जाग येते. मग मुलाची परीक्षा, पुण्यात एकटी असलेली आई, ऑफिसातलं राहिलेलं काम, सगळं डोक्यात फिरत राहतं. आणि दिवसभर थकवा. भाजी चिरता चिरता मध्येच बसावं लागतं, इतका. थायरॉइड तपासलं, ठीक आहे. हिमोग्लोबिन १०.९ आलं, तेव्हा डॉक्टर "पालेभाज्या खा" एवढंच म्हणाले. चार महिने एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम घेतेय. धडधड निम्म्याने उतरली, गोळीबद्दल माझी तक्रार नाही. थकवा मात्र जागचा हलला नाही.

शेजारच्या चिनी आजी मला त्यांच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्य नोंदणीकृत आहेत, सरकारी यादीत नाव पाहूनच गेले. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून, आधी हलकी मग दाबून, बराच वेळ नाडी पाहिली. जीभ पाहिली: फिकट, आणि कडांना दातांचे ठसे. मग विचारलं, जेवल्यावर पोट फुगतं का, पाळीत रक्त किती जातं. फार जातं, गेली दोन वर्षं. हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांचं निदान: हृदय आणि पाणथरी, दोन्ही दुबळी. त्यांच्या शास्त्रात पाणथरी म्हणजे नुसता पोटातला अवयव नाही. खाल्लेल्या अन्नातून 'ची' (जीवनशक्ती म्हणू या) आणि रक्त तयार करायचं सगळं काम तिच्याकडे. सतत विचार करत राहिलं की ती खचते. रक्त कमी पडलं की हृदयात राहणारं मन, 'शन', रात्री स्थिरावत नाही, म्हणून जाग आणि धडधड. रक्त वाहिन्यांत धरून ठेवणं हेही पाणथरीचंच काम, म्हणून पाळीत जास्त जातं. माझी चिंता आणि माझा थकवा एकाच दोऱ्यात ओवणारं हे पहिलंच माणूस. मला तिथेच रडू आलं.

काढ्याचं नाव 'ग्वेइ पी थांग', म्हणजे पाणथरीला पूर्वपदावर आणणारा. मूळ पाठ तेराव्या शतकातला, चीनच्या सोंग राजवटीतल्या यान योंगह या वैद्यांचा. आजच्या काढ्यात ह्वांग छी, दांग ग्वेइ (दोन्ही चिनी औषधी मुळ्या), लोंगन फळाचा गर, आंबट बोराच्या बिया, ज्येष्ठमध, आलं, शिवाय मू श्यांग, म्हणजे आपलं कोष्ठ (उपलेट). आता त्याची दाणेदार पूड पुड्यांत मिळते, गरम पाण्यात विरघळवून घ्यायची. पथ्य: गार पाणी, दही, कच्च्या कोशिंबिरी बंद. सकाळी ऊन ऊन पातळ भात, म्हणजे आपली पेजच.

पुड्या आणल्यात, अजून उघडलेल्या नाहीत. गोळीसोबत चालतील का? कोणी असं दोन्ही घेतलं आहे का? चिनी वैद्यक खरं की खोटं हा वाद कृपया इथे नको, मी खरंच थकले आहे.

प्रतिसाद १
ताई, मी औषधशास्त्रातली आहे. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुमची पाळी. चिनी वैद्यकातलं 'रक्त कमी' आणि प्रयोगशाळेतला रक्तक्षय एकच नव्हेत, पण तुमच्या बाबतीत दोन्ही बोटं एकाच दिशेला आहेत. फेरिटिन तपासा, लोहाचा साठा किती ते त्या रक्ततपासणीत कळतं. शरीरातला हा साठा संपला की थकवा, धडधड, अस्वस्थपणा सगळंच येतं, आणि पालेभाज्यांनी तो साठा भरून निघत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, गर्भाशयात गाठी आहेत का ते कळेल.

तोवर पुड्या बंदच ठेवा. दांग ग्वेइ रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत जपून वापरतात, आणि एस्सिटॅलोप्रॅमच्या गटातल्या गोळ्यांनीही रक्तस्राव थोडा वाढू शकतो. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. वैद्यांकडून सगळ्या घटकांची यादी लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. एक मात्र नक्की, गोळी मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर येते, चिडचिड होते.

प्रतिसाद २
मी तैपेईत असते. इथे राष्ट्रीय आरोग्य विम्यात (१९९५ पासून) चिनी वैद्यकही येतं, त्यामुळे दोन्हीकडे जाणारे पुष्कळ. माझीही तक्रार चिंतेचीच, पण माझं निदान 'यकृताची ची अडकली' असं होतं आणि काढा वेगळाच, श्याओ याओ सान. तेव्हा कोणी आपल्या पुड्या देऊ केल्या तर घेऊ नका. वैद्यांना फक्त सुया (अ‍ॅक्युपंक्चर) लावायला सांगता येईल. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला 'शन मन' बिंदू आहे, झोपेसाठी तिथे टोचतात. पोटात काही जात नाही, त्यामुळे गोळीशी भांडण नाही.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. फेरिटिन ८ आलं, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, सोनोग्राफी मंगळवारी आहे. वैद्यांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, काढा थांबवू, सुया चालू ठेवू, पथ्य सोडू नका. डॉक्टरांना सुयांचं सांगितलं, त्यांची हरकत नाही. काल पहिल्यांदा सुया लावल्या, घरी येऊन तासभर गाढ झोपले.

आता एकच अडचण. लोहाच्या गोळीने पोटात मळमळतं. ती पेजेनंतर घेतली तर चालेल, की रिकाम्या पोटीच घ्यायला हवी?