'प्रजाती' की 'जाती'?

प्रश्न (परभणी): मी नववीला विज्ञान शिकवते. पुस्तकात प्रजाती मोठी आणि जाती तिच्या पोटात. बातम्यांत मात्र सरसकट 'पक्ष्यांच्या प्रजाती' असंच येतं. लेकरं विचारतात, मॅडम, खरं कोणतं?

उत्तर: पुस्तकातलं खरं, ताई. सजीवांच्या वर्गीकरणाची मराठीतली उतरंड, मोठ्या गटाकडून लहानाकडं, अशी: सृष्टी, संघ (वनस्पतींत विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. हिंदीत शेवटच्या दोन पायऱ्यांना 'वंश' आणि 'प्रजाति' म्हणतात. हिंदीतून बातमी घेताना शब्द तसाच उचलला जातो आणि मराठीत एक पायरी चुकते, असं मला वाटतं.

लेकरांना बाभळीवरून सांगा. वनस्पतींना अशी दोन शब्दी शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञानं १७५३ साली तिला मिमोसा निलोटिका म्हटलं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. पुढं ती अकेशिया निलोटिका झाली, आता व्हॅचेलिया निलोटिका आहे. प्रजाती दोनदा बदलली, 'निलोटिका' जागचं हललं नाही.

प्रजाती का बदलली? लिनियस फुलांतले पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडायचा. आता डीएनए जुळवून नातं बघतात. तसं बघितल्यावर कळलं, की अकेशियात कोंबलेली सगळी झाडं एका पूर्वजाची नाहीतच. २००५ साली व्हिएन्नात भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडं गेलं. आपली बाभूळ आणि हिवर व्हॅचेलियात आले, खैर सेनेगालियात. हा फरक बांधावरही दिसतो. बाभळीचे काटे पांढरे, सरळ, पानाच्या बुडाशी जोडीनं. खैराचे आखूड आणि आकड्यासारखे वाकडे.

प्रतिसाद (भूम): आमच्याकडं 'तुरीची जात कोणती पेरली' असं विचारतात, देवणीलाही 'जातीची गाय' म्हणतात. हे चूक का दादा?

उत्तर: बोलण्यात अजिबात चूक नाही, तो शब्द शास्त्राच्या आधीपासूनचा आहे. लिहिताना मात्र मी पिकाला 'वाण' लिहितो: तुरीचा बीडीएन ७११ हा वाण. गुरांच्या बाबतीत नुसतं 'देवणी गाय' लिहिलं तरी भागतं, कारण देवणी आणि लाल कंधारी शास्त्राच्या हिशेबानं एकाच जातीच्या.

प्रश्नकर्ती: आणि वेडी बाभूळ? तीही व्हॅचेलिया का?

उत्तर: नाही ताई, ती नावापुरतीच बाभूळ, तिची प्रजातीच निराळी. दोन्हींच्या शेंगा वर्गात नेऊन दाखवा. बाभळीची शेंग माळेतल्या मण्यांसारखी, दर बीमागं आवळलेली असते. वेडीची तशी नसते.