जुन्या प्लास्टरवर ड्रायवॉल: झाकावं की वाचवावं?

उंबरठा
मॅसॅच्युसेट्समध्ये आम्ही घेतलेलं घर १९२४ चं. भिंती लाकडी पट्ट्यांवर चढवलेल्या प्लास्टरच्या. वरच्या दोन खोल्यांत भेगा, एका छताला फुगवटा. ठेकेदार म्हणतो, सगळीकडे पाव इंची ड्रायवॉल, म्हणजे कागदात मढवलेले जिप्समचे बोर्ड, मारू, आठवड्यात घर नवं. माझा याला ठाम विरोध आहे. या प्लास्टरचा जीव पट्ट्यांच्या मागे असतो. ओला माल फटींतून पलीकडे जाऊन पट्टीवर वळतो आणि तिथेच घट्ट होतो. हे मागे वळलेले हुक तुटले की प्लास्टर सुटतं. वरून बोर्ड लावून ते जोडलं जात नाही. उलट चकतीवाले स्क्रू पट्टीत आवळून, किंवा भोकं पाडून मागे गोंद सोडून तीच भिंत पुन्हा धरता येते. शिवाय नुसत्या ड्रायवॉलपेक्षा ही भिंत जाड, आवाज कितीतरी कमी येतो.

पाटावरवंटा
मी न्यू जर्सीत १९३१ चं घर झाकलं आणि मला पश्चात्ताप नाही. लांब स्क्रू प्लास्टर ओलांडून थेट स्टडमध्ये, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांत, गेले पाहिजेत, म्हणजे बोर्डाचं वजन स्टड घेतात. तुमच्या घरात लहान मूल आहे का? अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं. खरवडलं की त्याची धूळ होते, आणि लहान मुलं जमिनीवरचे हात तोंडात घालतात. शिशाचा रंग पक्क्या आवरणाखाली बंद करणं हा इथे मान्य उपाय आहे. तपासणी आधी करून घ्या, एवढंच.

उंबरठा
मुलगी दीड वर्षाची आहे. हा मुद्दा मला खोडता येत नाही, तपासणी या आठवड्यातच करते. पण खिडक्यांच्या लाकडी चौकटींचं काय? भिंत पुढे आली की चौकट आत रुतते. ते जुनं लाकूडकाम पाहूनच आम्ही घर घेतलं. स्विचचे डबेही पुढे आणावे लागतील.

पाटावरवंटा
डब्यांना जोडकडी मिळते. चौकटी काढून पुन्हा बसवता येतात, पण त्या कामाला वेळ लागतो, हे खरं.

गिलावा
पुण्यातून लिहितोय. पेठेतल्या एका वाड्यात चुन्याच्या भिंतीवर लावलेले जिप्सम बोर्ड आम्ही उघडले, तर बोर्डाच्या कागदावर मागून काळी बुरशी. चुना ओल घेतो आणि सोडतो, वर बोर्ड आला की ती अडकते. तुमच्याकडची भिंत वेगळी, पण तो फुगवटा कशाने आला? वरून गळती असेल तर आधी छप्पर पाहा.

तारजोड
कोणीच वायरिंगचं बोललं नाही! त्या काळच्या घरांत चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या जुन्या तारा अजून असू शकतात. त्यांना अर्थिंग नसतं आणि काही विमा कंपन्या असं घर घेत नाहीत. तारा न बदलता ड्रायवॉल मारलीत, तर तीच नवी भिंत पुन्हा फोडाल. माझ्या मते ज्या खोलीत तारा बदलायच्या, तिथलं प्लास्टर पूर्ण काढा.

उंबरठा
पूर्ण काढायला मी तयार नाही. धूळ तर सगळ्यात जास्त त्यातच. इलेक्ट्रिशियन तळघरातून आणि माळ्यावरून तारा ओढता येतील का ते शनिवारी बघणार आहे. फुगवट्याच्या छताला मात्र गळती तपासून अर्धा इंची बोर्ड लावीन, स्क्रू तुळयांत. भिंतींना हात लावू देणार नाही.

पाटावरवंटा
शिशाचा निकाल आला की इथे लिहा. रंगात शिसं निघालं, तर भिंतींबद्दल मी पुन्हा भांडणार आहे.