कबड्डीला तरुण पंच कसे टिकवायचे?

प्रश्न – पीटीचे सर:
आमच्या तालुक्यात शालेय स्पर्धांना पंच मिळत नाहीत. जे आहेत ते पन्नाशीच्या पुढचे. म्हणून कॉलेजातली सहा मुलंमुली तयार केली. नियम तोंडपाठ. पहिल्याच स्पर्धेत एका बोनसवरून (चढाईपटूला बोनस रेषा ओलांडल्याचा मिळणारा जादा गुण) लोक मैदानात घुसले, पोरांना नको नको ते बोलले. चौघं परत आलीच नाहीत. माझं कुठे चुकलं?

जुना पंच:
सर, शिट्टी फार लवकर दिलीत. माझ्या हाताखालची पोरं पहिला हंगाम फक्त गुणलेखकाच्या टेबलावर बसतात. कोण कोणत्या क्रमाने बाद झाला, आता आत कोण येणार, सगळा संघ बाद होऊन लोण कधी बसला, हे लिहिता लिहिता खेळ अंगात भिनतो.

मग एकच काम द्यायचं: पाय बघणं. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा, म्हणजे चढाईपटूने निदान ओलांडायची रेषा, ३.७५ मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे आणखी एक मीटर. सरावात चढाईपटूला वीस वेळा बोनसला पाठवा. पोराने एवढंच सांगायचं, पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा हवेत होता का? समोर सहा बचावपटू होते का? चढाईच्या ३० सेकंदांत नजर खाली आणि कान दमावर, ही सवय पुस्तकातून लागत नाही हो. निर्णय देताना आधी शिट्टी, लगेच हात. थांबून समजावत बसलात की गर्दी चढते.

आणि ओरडा झाला तर पुढे सरपंचाने, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाने यायचं, पोराने नाही. त्या दिवशी सरपंच कुठे होते?

सांगलीची पंच:
माझ्या पहिल्या सामन्यात सरपंच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि संघनायकाला म्हणाले, "निर्णय झालाय, खेळा." त्या तीन शब्दांवर मी आज टिकून आहे. मुलींसाठी अजून एक बघा. प्रकाशझोतातले सामने रात्री बारापर्यंत चालतात. घरी कोण सोडणार, कपडे कुठे बदलायचे, हे आयोजकांकडून आधीच ठरवून घ्या. आमच्यातल्या दोघींनी एवढ्यासाठीच पंचगिरी सोडली. मानधनही त्याच दिवशी हातात द्या.

पीटीचे सर:
सरपंच मीच होतो. टेबलापाशी बसून राहिलो, उठलो नाही. उद्या त्या चौघांच्या घरी जातो.